सपाट चमचा

नाव मी घेत नाही.
नर्स घेते, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं:
"सगुण बाबली आगरवाडेकर, वय चौऱ्याहत्तर!"
आणि हा उठतो, टोपी काखेत मारून,
शाळेत छडी खायला उठावं तसा.

डॉक्टरीण कोवळी आहे, मडगावची.
दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला,
काटा बघून म्हणाली, आजोबा, आता मीठ सोडायचं.
हा हसला.
बाये, म्हणाला, पन्नास वर्षं मी दुसरं काही धरलंच नाही.

तिला काय माहीत,
आगरवाड्यात मानशीची फळी वर करून
खाडीला घरात घ्यावं तशी आत घेणारा हा माणूस.
पौषात बांध लिंपायचा, चैत्रात ढीग ओढायचा,
बोटावरचा कण जिभेला लावून सांगायचा
हे कुणाच्या वाफ्यातलं.
तिने चिठ्ठीवर लिहिलं:
माणशी एक चमचा. खाली रेघ मारून: सपाट.

घरी चमचा मी भरला,
अंगठ्याने सपाट त्याने केला.
वरचं उरलेलं बरणीत परत टाकताना
हात थरथरला. वयाने की कशाने,
विचारलं नाही.

पेजेबरोबरची चेपणीची तोरं गेली.
पावसाळ्यासाठी बांधून ठेवलेलं खारं
धाकट्या जावेकडे गेलं. तिने काही आढेवेढे घेतले नाहीत.
हुमणात मी तिरफळं वाढवली, सोलं वाढवली,
खोबरं नाही, त्याचंही कागदावर होतं.
पहिले पंधरा दिवस तो जेवला
परक्याच्या घरी जेवतात तसा.

मग एका दुपारी बघितलं:
बांधावर पाठमोरा, बोट तोंडात,
तान्ह्या पोरासारखा.
ओरडणार होते.
परत फिरले.

साखरेचं तर आधीच निघालं होतं.
तिची गोळी सकाळी, दाबाची रात्री.
रिकाम्या काडेपेट्यांवर मी सूर्य नि चांदणी काढली आहे,
वाचता येतं त्याला, पण आळस.
दिवेलागणीला त्याचं पाऊल मांडीवर घेते,
खाली हातआरसा धरते.
नातू म्हणतो, आजी पायाला तोंड दाखवते.
हसू दे.

माघात त्याच आरशात टाचेला चीर दिसली, पेरभर,
आणि चिरेत रुतलेला
मिठाचा खडा. चौकोनी. चकचकीत.
कधीपासून हे? म्हटलं.
काय? म्हणाला.

जखमेत मीठ, आणि त्याला झोंबलंच नाही.
मला झोंबलं.

वीस दिवस मलमपट्टी.
पुन्हा अनवाणी दिसलात तर, डॉक्टरीण म्हणाली
आणि पुढचं बोललीच नाही, त्यामुळे जास्त लागलं.
वाफ्यात वहाणा घालून उतरत नाहीत, मीठ मळतं.
म्हणून आता हा बांधावर, लेकाने आणलेल्या निळ्या बुटांत,
कारवारकडच्या दोन पोरांवर खेकसत:
हळू ओढ रे, खालचा चिखल उठवू नको!
डॉक्टरणीने अर्धा तास चालायला सांगितलंय.
हा बांध मोजतो. जाऊन येऊन सहा.

वैशाखात पुतणीचं लग्न, मोरजीला.
पंगतीत वरणाचा पहिला घास, आणि हा मोठ्याने:
खारट!
सगळी पान सोडून बघायला लागली.
मिठागरात केस पिकलेल्या माणसाला खारट?
मी मान खाली घालून भात कालवत राहिले.
मलाही खारटच लागलं होतं.

काल आकडा बरा आला.
बरा म्हणजे बरा, फार नाचण्यासारखा नाही.
माझ्या गुडघ्यांचाही कागद निघालाय आता,
त्याच्या काडेपेट्यांशेजारी माझ्या दोन.

रात्री चांदणीची पेटी उघडून
गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.
दिव्याकडे धरून बघितली त्याने,
जिभेचं टोक लावलं, डोळे मिटले,
आणि विचारलं,
ही कुणाच्या वाफ्यातली?